नेब्युलायझरचे पार्ट उकळून झाल्यावर तुम्ही पुढे काय करता? (सिस्टिक फायब्रोसिस, मुलगी वय ६)

ओवीचीआई (इचलकरंजी)
नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. माझ्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस आहे, म्हणजे फुफ्फुसात घट्ट कफ साठण्याचा जन्मजात आजार, सगळे सीएफच म्हणतात. चौदा महिन्यांची असताना कळलं, त्याआधी नुसता न्यूमोनिया न्यूमोनिया म्हणून तीनदा ॲडमिट झाली होती. सासूबाई पहिल्यापासून म्हणायच्या की पोरीची पापी घेतली की ओठाला मीठ लागतं, पण आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी घामाची टेस्ट केली, क्लोराइड ९८ आलं. ६० च्या वर म्हणजे सीएफ धरतात.

तर सकाळ-संध्याकाळ वाफ असते. आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, मग ३ टक्क्यांचं सलाईन, मग छातीची फिजिओ. मी चार वर्षं नेमाने सगळे पार्ट उकळतेय, एक दिवस चुकलेला नाही, नणंदेच्या लग्नातसुद्धा हॉलच्या आचाऱ्याकडून गॅस मागून घेऊन उकळले होते. आणि तरी गेल्या महिन्यात घशाच्या स्वॅबमध्ये स्यूडोमोनास नावाचा जंतू आला. पहिल्यांदाच. मी तो रिपोर्ट हातात घेऊन दवाखान्याच्या जिन्यातच बसले.

आता टोब्रामायसिन ह्या अँटिबायोटिकची वाफ चालू आहे, ३०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, २८ दिवस. ते ठीक आहे. पण त्या दिवशी फिजिओ मॅडमनी विचारलं की उकळता ते कळलं, उकळल्यानंतर काय करता? मी म्हटलं पार्ट गरम असतात म्हणून आरओच्या नळाखाली धरते, झटकते आणि स्टीलच्या डब्यात घालून घट्ट झाकण लावते, धूळ बसू नये म्हणून. त्या जरा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या की जंतू कुठून आला ते कुणालाच सांगता येणार नाही, तो कुठेही असतो, पण ही गोष्ट आजपासून बंद करा.

मला आतापर्यंत वाटायचं उकळलं की काम संपलं. तर तुम्ही लोक उकळल्यावर नक्की काय करता? कशात सुकवता? आमच्याकडे पावसाळ्यात काही सुकतच नाही. आणि जुन्या डिस्चार्ज कार्डावर व्हिनेगरमध्ये बुडवा असं लिहिलंय ते करायचं का?

समीरडोंबिवली
ताई आधी स्वतःला दोष देणं थांबवा. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, आमच्याकडे स्यूडोमोनास तिसऱ्या वर्षीच आला होता आणि २८ दिवसांच्या कोर्सनंतर गेला. लवकर सापडला तर घालवता येतो, म्हणूनच तर दर तीन महिन्यांनी स्वॅब घेतात. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता लोकलमध्ये आहे.

वृंदाकाकू (रत्नागिरी)
मी ३१ वर्षं नर्स होते, त्यातली अकरा मुलांच्या वॉर्डात. आणि आता माझा नातू सीएफचा आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघितलंय. जरा लांब होईल, पण वाच.

ओवीची आई, तुझी चूक ही जवळजवळ प्रत्येक घरात होते कारण आपल्याला 'पिण्याचं पाणी' आणि 'निर्जंतुक पाणी' हे एकच वाटतं. आरओचं पाणी पिण्यासाठी चांगलं आहे, पण निर्जंतुक नाही. त्या मशीनची टाकी, पाईप, तोटी ह्यांच्या आतून बुळबुळीत थर धरतो आणि स्यूडोमोनासला तसलीच ओल लागते. सिंक, मोरीची जाळी, ओला स्पंज, बादलीचा तळ, सगळीकडे तो असतो. आपण ते पाणी प्यायलो तर पोटातलं ॲसिड त्याचा निकाल लावतं. पण नेब्युलायझर पाण्याचे इतके बारीक थेंब करतो, १ ते ५ मायक्रॉनचे, की ते थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. तिथे ॲसिड नाही. तुझ्या-माझ्या फुफ्फुसात कफ पातळ असतो, तो जंतूंना घेऊन वर सरकतो आणि आपण न कळत गिळून टाकतो. ह्या मुलांच्यात क्लोराइडची वाटच नीट चालत नाही म्हणून कफ डिंकासारखा घट्ट, जंतू आत आला की ठाण मांडून बसतो. म्हणून ह्यांच्या नेब्युलायझरच्या औषधाच्या कपात उरलेला एक थेंबसुद्धा मोजायचा.

आता क्रम सांगते. वाफ झाली की लगेच कप सुटा करायचा. लगेच म्हणजे लगेच, औषध वाळलं की ते बारीक भोकात बसतं. कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड, वेगळ्या स्वच्छ वाडग्यात, सिंकमध्ये टाकून नाही. ह्या धुण्याला नळाचं पाणी चालतं कारण पुढे उकळायचंच आहे. हे धुणं टाळून नुसतं उकळलं तर औषधाचा आणि थुंकीचा थर शिजून चिकटतो आणि त्याखाली जंतू सुखरूप राहतात. त्या मधल्या भोकात सुई किंवा टाचणी अजिबात घालू नको, भोक मोठं झालं की थेंब मोठे होतात आणि औषध घशातच बसतं.

मग पाण्यात पूर्ण बुडवून पाच मिनिटं उकळायचं. पाच मिनिटं खळखळ उकळी फुटल्यापासून मोजायची, गॅस लावल्यापासून नाही. प्लास्टिक हलकं असल्यामुळे वर तरंगतं आणि अर्धं कोरडं राहतं, त्यावर मी स्टीलची चाळणी उपडी ठेवते. तळाला एक पातळ सुती फडकं, ते रोज धुवून त्यातच उकळलं जातं, म्हणजे प्लास्टिक तळाला चिकटत नाही.

आणि तुझा प्रश्न, त्यानंतर काय. त्यानंतर खळबळून घ्यायचंच नाही. उष्णतेने जंतू मारले असतील तर परत धुवायची गरजच नसते. झाकण तिरपं धरून पाणी ओतून टाक, पातेलं झाकून ठेव, हात लावण्याइतकं गार होऊ दे. हात साबणाने धुवून, पुसायला धुतलेला कोरडा रुमाल घेऊन (किचनचा ओला नॅपकिन नाही), एकेक तुकडा जोरात झटकायचा आणि पेपर नॅपकिनवर सुटा सुटा मांडायचा. पुसायचं नाही. सिंकपासून लांब, कारण नळ सोडला की तुषार उडतात ते आपल्याला दिसत नाहीत. पूर्ण कोरडं झाल्यावरच डब्यात. ओलं असताना झाकण लावलंस की तो डबा म्हणजे जंतूंचं पाळणाघर.

व्हिनेगर नको. पूर्वी सांगायचे, मीसुद्धा कित्येक आयांना सांगितलंय, आता सांगत नाहीत कारण बऱ्याच जंतूंवर त्याचा पुरेसा परिणाम होत नाही.

मुक्तामिनेसोटा
वृंदाकाकूंच्या एकूण एक वाक्याला अनुमोदन. इथे अमेरिकेत सीएफ फाउंडेशनच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, आमच्या सेंटरमध्ये दर वर्षी नर्स आमच्याकडून प्रत्यक्ष करून घेते, म्हणजे आम्ही धुवायचं आणि ती बघणार. उष्णतेचे चार मार्ग देतात. पाच मिनिटं उकळणं, मायक्रोवेव्हमध्ये पाण्यात बुडवून पाच मिनिटं, डिशवॉशर असेल तर पाणी ७० अंशांच्या वर निदान ३० मिनिटं टिकलं पाहिजे, आणि चौथा म्हणजे बाळाच्या बाटल्यांचा विजेवरचा स्टीम स्टरिलायझर. आम्ही शेवटचा वापरतो. बटण दाबलं की विसरता येतं, नोकरी करणाऱ्या आईला हे फार मोठं आहे.

औषधात बुडवून ठेवायचे पण दोन मार्ग आहेत, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाच मिनिटं किंवा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये अर्धा तास. पण ते केलं तर मात्र नंतर खळबळून घ्यावंच लागतं आणि तेही निर्जंतुक पाण्यानेच, म्हणजे परत पाणी पाच मिनिटं उकळून झाकून गार करा. त्यापेक्षा पार्टच उकळलेले बरे. ब्लीच इथे सांगत नाहीत. डिस्टिल्ड वॉटर पण निर्जंतुक नसतं, त्या नावाला मीही सुरुवातीला फसले होते.

समीरडोंबिवली
घरी पोचलो. मुक्ताताईंच्या पेरॉक्साइडच्या मुद्द्यावर एक, आपल्याकडे केमिस्ट जी बाटली देतो ती बऱ्याचदा ६ टक्क्यांची असते, वर २० व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं, त्यामुळे न वाचता वापरू नका. आणि सर्जिकल स्पिरिट किंवा हाताचं सॅनिटायझर म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल नव्हे, त्यात काय काय मिसळलेलं असतं. ते पोराच्या छातीत जायला नको.

आमचा खरा प्रॉब्लेम वेळेचा होता. बायको सात अठ्ठावीसची लोकल पकडते, मी आठची. सकाळी तीन औषधं, प्रत्येकानंतर धुवा उकळा सुकवा हे जमणारच नव्हतं आणि मग आम्ही काय करायचो तर सकाळचा कप तसाच सिंकमध्ये ठेवून संध्याकाळी धुवायचो. दोन वर्षं असं केलं. मग डॉक्टरांनी साधा उपाय सांगितला की कप जास्त घ्या. आता आमच्याकडे पाच आहेत. वापरला की दोन मिनिटांत साबणाने धुवून बाजूला, दुसऱ्या औषधाला दुसरा कप, आणि रात्री सगळे एकदम उकळतात. प्रत्येक वापरानंतर निर्जंतुक केलेला कप हा नियम पण पाळला जातो आणि गॅस एकदाच. सुरुवातीला पैसे जातात, कबूल आहे, पण दोन वर्षं जी रोजची ओढाताण चालली होती ती थांबली.

कप घेताना एवढं बघा की तो उकळायला चालतो असं कागदावर लिहिलेलं आहे का. मशीनबरोबर जो साधा मऊ कप आणि मास्क फुकट येतो तो दोनदा उकळला की वाकतो. काही मास्क उकळायला चालतच नाहीत, ते कागदावर दिलेलं असतं. आमच्या कपाच्या कागदावर सहा महिन्यांनी बदला असं आहे, मी कपाच्या बुडाला मार्करने महिना लिहून ठेवतो.

गौरी_पेडणेकर (म्हापसा)
एक विचारू? प्रेशर कुकरमध्ये दोन शिट्ट्या केल्या तर? हॉस्पिटलात ऑटोक्लेव्ह म्हणजे तेच ना. नाहीतर इडलीपात्रात वाफवायचे.

वृंदाकाकू
कल्पना चुकीची नाही गं, पण ते प्लास्टिक त्या तापमानासाठी बनवलेलं नाही, कप वेडावाकडा झाला की झाकण नीट बसत नाही आणि औषध बाजूने उडून जातं. कंपनीच्या कागदावर कुकर लिहिलेला नसेल तर नको. इडलीपात्रात पार्टांना पाण्याचा स्पर्श नसतो आणि वाफ किती वेळ किती तापमानाला राहिली ते कळत नाही. साधं पातेलं घे. आणि जाळी हलवून तुषार करणारं मशीन असेल, ती धातूची बारीक चकती असते बघ, तर ती मायक्रोवेव्हमध्ये कधी घालू नको.

तेजस_पुणे
पातेल्यावरून सांगतो. बाबा गॅसवर ठेवून फोन घ्यायला गेले आणि पाणी आटलं. दोन कप, एक मास्क तळाला वितळून चिकटले आणि घरभर इतका घाण धूर की बहिणीला (सीएफ तिला आहे, ती १७ वर्षांची) दोन तास शेजाऱ्यांकडे बसवावं लागलं. तेव्हापासून पाणी पातेलं पाऊणभर आणि फोनवर टायमर लावल्याशिवाय गॅस पेटवायचाच नाही.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, पार्टांवर पांढरा क्षार बसायचा आणि भोक बुजायचं. आता उकळायला आरओचं पाणी घेतो. ते चालतं ना?

वृंदाकाकू
चालतं, उत्तम. उकळण्या*आधी* आरओ चालतं, उकळल्या*नंतर* नाही. एवढाच फरक आहे.

ओवीचीआई
वृंदाकाकू हे वाक्य मी कागदावर लिहून ओट्याच्या वर चिकटवलंय. सासूबाईंना पण वाचून दाखवलं.

पण ओल? परवा रात्री झटकून मांडले तर सकाळी साडेपाचला कपाच्या आत अजून थेंब. बाहेर धो धो.

वृंदाकाकू
रत्नागिरीत राहते मी, ओलीचं मला विचार. पूर्ण गार होईपर्यंत थांबू नको, सोसेल इतकं गरम असतानाच झटक, गरम तुकड्यावरचं पाणी आपलं आपण उडतं. दुसरं, तुकडे पालथे नको, आडवे ठेव म्हणजे दोन्हीकडून हवा जाते. नॅपकिन ओला झाला की अर्ध्या तासाने बदल. वर जाळीचं झाकण ठेव, माश्या-मुंग्यांसाठी, पण घट्ट नाही. आणि जागा स्वयंपाकघरात नको, तिथे दिवसभर वाफ असते. मी देवघराच्या कोनाड्यात ठेवते, सगळ्यात कोरडी जागा तीच आहे घरात. एवढं करूनही सकाळी ओलं दिसलं तर तो कप त्या वेळेला वापरायचा नाही, दुसरा घ्यायचा. म्हणून समीर म्हणतो तसे जास्त कप हवेत.

आणि ती लांब नळी, ती धुवायची नाही. आत पाणी गेलं तर सुकता सुकत नाही. वाफ झाली की कप काढून नुसती नळी लावून मशीन दोन मिनिटं चालू ठेव, आतला दमटपणा निघून जातो. मशीनचा फिल्टर बघितलायस का कधी? काढून बघ.

ओवीचीआई
आत्ता काढून बघितला. पांढरा असतो ना तो? आमचा राखाडी आहे. चार वर्षांत कुणी सांगितलंच नाही की त्याला फिल्टर असतो. उद्या आणते.

अण्णा_निफाड
मी आजोबा आहे, नातवाला हा आजार आहे, चार वर्षांचा आहे. मुलगा-सून नाशिकला, पोरगं सुट्टीत आमच्याकडं असतं. टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

डॉक्टर म्हणाले बर्खोल्डेरिया सेपेशिया नावाच्या जंतूपासून ह्या पोरांना जपा. मी विचारलं हे काय असतं, तर म्हणाले आजोबा हा तुमच्याच ओळखीचा आहे, हा कांदा सडवतो. बर्खोल्डर नावाच्या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञाने १९५० साली सडक्या कांद्यातूनच शोधून काढला, सेपा म्हणजे कांदा. कांदा साठवायच्या चाळीत कांदा फिरवताना एखादा हाताला बुळबुळीत लागतो, वरून चांगला दिसतो, दाबला की आतला पापुद्रा सरकतो आणि आंबूस वास येतो. आयुष्यभर तो हातात घेतला, मला काही झालं नाही. आणि नातवाच्या फुफ्फुसात तोच गेला तर औषधाला दाद देत नाही म्हणतात. ते ऐकल्यापासून मी चाळीतून आलो की बाहेरच्या नळावर हातपाय साबणाने धुतो, कपडे बदलतो, मगच पोराला घेतो. त्याला चाळीत न्यायचं बंद केलं. तो रडतो, त्याला ट्रॅक्टर बघायचा असतो, मग ट्रॅक्टर अंगणात आणून उभा करतो.

सून सगळं उकळून डबे भरून पाठवते पण आठ दिवस राहिला तर आम्हालाच करावं लागतं. लाईट जाते तेव्हा काय करायचं हा माझा प्रश्न आहे.

समीरडोंबिवली
अण्णा, वाचून डोळ्यात पाणी आलं. उकळायला लाईट लागतच नाही, गॅस किंवा चूल काहीही चालेल, पाच मिनिटं खळखळ एवढंच. वाफ द्यायलाच लाईट लागते. त्यासाठी बॅटरीवर चालणारं छोटं मशीन मिळतं किंवा इन्व्हर्टरवर चालवा. पण बॅटरीचं मशीन घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा, प्रत्येक औषध प्रत्येक मशीनमधून नीट जात नाही, आमचं कफ पातळ करणारं डॉर्नेज अल्फा साध्या जुन्या कॉम्प्रेसरच्या कपातूनच द्यायला सांगितलंय आणि ते दुसऱ्या कुठल्या औषधात मिसळायचं पण नाही.

गौरी_पेडणेकर
अजून एक, शेजारच्या बाईंच्या मुलाला दमा आहे, त्या दोनदा मशीन मागून घेऊन गेल्या, कपासकट. मला नाही म्हणवलं नाही. परत आल्यावर उकळलं. आता पुढच्या वेळी काय सांगू?

वृंदाकाकू
सांग की डॉक्टरांनी मनाई केलीये. माझं नाव सांग हवं तर. मशीन आणीबाणीत द्यावं लागलं तर एक वेळ दे, पण कप, मास्क, नळी कधीच नाही, त्यांचं त्यांनी विकत घ्यायचं. आणि उलटंही, दवाखान्यात ॲडमिट केलंस तर आपला कप आपण न्यायचा. तिथे एकच मास्क पाण्याखाली धरून पुढच्या मुलाला लावलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय, तेव्हा भांडले होते आणि आताही भांडेन. सीएफची दोन मुलं भेटली तरी त्यांच्यात दोन मीटर अंतर ठेवायचं असतं, एकाचा जंतू दुसऱ्याला लागतो म्हणून. मग एकमेकांचा कप तर लांबच राहिला.

तेजस_पुणे
हे अंतराचं खरंय. बहिणीची एक मैत्रीण आहे, तिलाही सीएफ. सहा वर्षं रोज व्हिडिओ कॉलवर एकत्र वाफ घेतात, अजून एकदाही भेटलेल्या नाहीत.

ओवीचीआई
सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. २८ दिवस संपले, त्यानंतर महिन्याने परत स्वॅब दिला, काल रिपोर्ट आला. स्यूडोमोनास नाही. पुढचा तीन महिन्यांनी. अण्णा, तुमच्या ट्रॅक्टरची गोष्ट ओवीला सांगितली, ती म्हणते मला पण बघायचाय, लांबून.

सातारकर_बाबा
नमस्कार, हा धागा शोधताना सापडला. आमचा मुलगा अकरा महिन्यांचा, परवाच निदान झालंय. अजून काहीच कळत नाहीये. यादी खूप मोठी आहे आणि पैसे मोजकेच आहेत, सगळ्यात आधी काय घेऊ?

ओवीचीआई
दादा, आधी दोन कप घ्या, उकळायला चालणारे, एक नाही दोनच, आणि बाळाच्या मापाचा मास्क. स्टरिलायझर नंतर बघा, नसला तरी अडत नाही. एक झाकणाचं स्टीलचं पातेलं, एक चाळणी, एक चिमटा, पेपर नॅपकिनचा मोठा गठ्ठा. चिमटा पण त्याच पाण्यात उकळायचा, नाहीतर उकळलेले पार्ट न उकळलेल्या चिमट्याने उचलले जातात, मी केलंय ते. आणि पातेलं वेगळंच ठेवा, त्यात चहा-दूध काही नको. आमच्याकडे पाहुणे आले की कुणीतरी हमखास उचलायचं, म्हणून मी त्याच्या कानावर लाल नेलपॉलिशने 'ओवी' लिहून ठेवलंय. रात्री किती वाजता का होईना, काही अडलं तर इथे लिहा, मी साडेपाचला उठते तेव्हा बघतेच.